तपासणीपुरती नदी

आमच्या येलेनित्सा नदीचं पाणी कंपनीने डोंगरावरच नळात घातलं आणि त्यातून निघालेल्या विजेला नाव दिलं 'हरित'. हरित म्हणे! खाली झुमरेतामावशीची मिरची उभ्याउभ्या वाळली. थोडं पाणी नदीत कायम सोडायचं असा कायदा आहे. कंपनी सोडते, पण तपासणी असेल त्याच सकाळी. मग आम्ही बाया गालिचे घेऊन धुवायला धावतो, आणि साहेबाला दिसतं काय, तर भरली नदी आणि खूश बाया. आमचाच आम्हाला संताप येतो.

या वेळी मावशीने सगळ्यांना दटावलं. "एकीनेही गालिचा भिजवायचा नाही. पाणी बंद होईपर्यंत साहेब माझ्या अंगणातून हलता कामा नये."

तपासणीला आलेले मिधातसाहेब पाणी मोजून गाडीत बसले, तशी मावशी आडवी आली.

"माझ्या दारावरून कॉफी न घेता चाललास? आईने हेच शिकवलं का रे? आणि गाडी उन्हात कशाला, घरामागे लाव."

दारची कॉफी आमच्याकडे कुणी नाकारत नाही. साहेब बसले. कॉफी झाली, पालकाचं सारण भरून भाजलेली पिटा झाली, मग आजोळ कुठलं, लग्न का रखडलं, सगळं झालं.

"मावशी, निघतो हं."

"बस रे! दुसरी कॉफी चुलीवर आहे."

वरून रस्त्यावर गाडी दिसेना, तेव्हा साहेब गेले असंच कंपनीच्या माणसाला वाटलं असणार. दुसरी कॉफी कपात पडली आणि नदीचा आवाज बसत बसत थांबला. दगड उघडे पडले. डबक्यात एक मासा तडफडू लागला.

मावशीने बोट दाखवलं. "आता मोज."

साहेबांनी पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "मी मोजलं तेव्हा पाणी होतं, मावशी. माझं काम तेवढंच." आणि कप तोंडाला लावला.

मेल्याला लाजही वाटली नाही!

मावशीच्या दारातून अर्ध्या कपावर कुणी उठलेलं मी पाहिलेलं नाही. युद्धात पलीकडच्या बाजूचा सैनिक दाराशी आला, त्यालाही तिने बसवून कॉफी पाजली होती. तिने साहेबांच्या हातातला कप काढून घेतला आणि त्यांच्या समोर कॉफी मातीत ओतली.

"ऊठ," ती म्हणाली.