उधन्याची जयंती

“सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही,” भगत हवालदारांनी कागद वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. “तिसरी खेप हाय बाई. सुरतवाल्यांनी वॉरंट तिसऱ्यांदा परत धाडलान. आता ह्यो इसम जगात हाय का नाय, त्याचाच मना डाऊट येतो.”

“आहे की,” समोरच्या बाकावरून शर्मिला हनवते म्हणाली. “पोटगी मागायला गेलं की नसतो. एरवी असतो.”

भगत हवालदारांना हसू आवरलं नाही. या बाईचं त्यांना मनातून कौतुक होतं. वॉरंटाच्या कामाने बायका चौकीत येतात त्या रडायला तरी येतात किंवा भांडायला तरी. शर्मिला दोन्ही करायची नाही. महिन्यातून एकदा वाशीच्या मसाला मार्केटमधलं काम सुटलं की यायची, बाकावर बसायची, काय झालं ते विचारायची आणि काही झालेलं नाही हे ऐकून घरी जायची. दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून हात पेटलेले असायचे, म्हणून चौकीतला चहा ती कपाला पदर गुंडाळून प्यायची.

तिचा नवरा धम्मपाल तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत टँकरवर होता. कंपनीला टाळं लागलं तसा तो सुरतेला साडीच्या मिलमध्ये गेला. खोली बघतो आणि तुम्हाला बोलावतो, असं सांगून गेला होता. खोली त्याने बघितली असणार, कारण माणूस उघड्यावर किती वर्षं राहील? बोलावणं मात्र आलं नाही. शेवटी शर्मिलाने ठाण्याच्या कोर्टात पोटगीचा दावा लावला. स्वतःसाठी नाही, फक्त श्रुतीसाठी. धम्मपाल एकाच तारखेला हजर झाला आणि वकिलाच्या तोंडून सांगून गेला, की मुलगी माझी नाहीच.

न्यायाधीशांनी ते मानलं नाही, पोटगी मंजूर केली. पण कोर्टातलं बोलणं त्याच संध्याकाळी तुर्भ्याच्या वस्तीत पोचलं. नळावरच्या बायका श्रुतीच्या नाकाडोळ्यांकडे निरखून बघायला लागल्या. एकदा ती हंडा भरून आली आणि आईला म्हणाली, “मम्मी, मी पप्पांची नाही का?” शर्मिलाने तिला जवळ घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. पण आईने सांगणं वेगळं आणि बापाने सांगणं वेगळं, हे अकरा वर्षांच्या पोरीलाही कळतं. तेव्हापासून पोटगी म्हणजे शर्मिलाच्या लेखी पैसे कमी आणि कबुली जास्त झाली होती. पैशांवाचून दिवस निघत होते. कबुलीवाचून पोरगी मान वर करत नव्हती.

“साहेब,” ती म्हणाली, “त्याला घरी शोधूच नका. जयंतीत शोधा.”

“कसली जयंती?”

“बाबासाहेबांची. तो कुठंबी लपू द्या, जयंतीला ढोलकी घेऊन येणार म्हणजे येणारच. लग्नाच्या वर्षी ताप होता अंगात, तरी रातभर वाजवली.”

भगत पक्के आगरी, तुर्भे गावचेच. गावदेवीची पालखी असली की तेही रजा टाकून हजर व्हायचे. त्यामुळे मुद्दा त्यांच्या लगेच ध्यानात आला, पण अडचणही आली. “चवदा एप्रिलला मनाच बंदोबस्त हाय बाई. मी सुरतेला कसा येवू?”

“तिकडं चौदाला नाही. आमच्याकडं जयंती एका दिवसात आटपत नाही, साहेब. गायन पार्ट्या मोजक्या, वस्त्या किती! म्हणून ज्याची त्याची तारीख पुढं-मागं. माझ्यासंगं कामाला पुतळा म्हणून बाई आहे, तिचा भाऊ सुरतेत उधन्याला राहतो, तो बोलला फोनवर. त्यांच्या वस्तीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे आणि ढोलकीला धम्मपाल आहे. धम्मपाल राहतो कुठं ते तिच्या भावाला कुणी सांगत नाही. पण वाजवायला येतो.”

पुतळा मिरच्यांच्या ढिगावर शर्मिलाच्या शेजारी बसायची. पोलिसांच्या कागदाने तीनदा जाऊन जे जमलं नव्हतं ते तिने एसटीडी बूथवर उभं राहून केलं होतं. भगत हवालदारांनी ढेरीवरचा पट्टा सारखा केला आणि वॉरंट पुन्हा फायलीत लावलं.

घरी मात्र शर्मिलाला कुणी हसून निरोप देणार नव्हतं. घरात चांगुणाबाई होत्या, म्हणजे धम्मपालची आई. लेक गेला तेव्हा त्या गावाकडे परत जायला निघाल्या होत्या. शर्मिलाने त्यांचं गाठोडं हातातून काढून घेतलं आणि ते फळीवर ठेवून दिलं. त्यानंतर तो विषय दोघींत कधी निघाला नाही.

“म्या कवा आडवी आले का तुला?” चांगुणाबाई चुलीशी बसून म्हणाल्या. स्टोव्ह होता, पण त्या त्याला चूलच म्हणायच्या. “कोर्टात गेलीस, जा म्हनले. पर जयंतीत पोलीस नेऊ नगं, बाई. बाबासाहेबाच्या फोटूम्होरं आपल्याच मानसाला बेड्या? दुनिया हसंल समाजाला.”

“समाजाला हसतील म्हणून मी किती दिवस गप बसू, आत्याबाई?”

चांगुणाबाईंनी भाकरी उलटली. कोपऱ्यात श्रुती पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती, हे दोघींनाही दिसत होतं.

“माजंच लेकरू हाय त्ये,” चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. “मारू नका म्हनावं त्याला. येवढंच सांग त्या हवालदाराला.”

आईची माया असते ती अशी, नालायक लेकालाही तिच्यात वाटा असतो. शर्मिलाने सासूच्या पाठीवरून हात फिरवला आणि ट्रंकेतली वंदनेची पांढरी साडी इस्त्रीला काढली.

त्या रविवारी भगत हवालदार साध्या कपड्यांत आले होते. पॅसेंजर गाडीत त्यांनी शर्मिलाला घरून आणलेला तांदळाच्या भाकरीचा डबा आग्रहाने खायला लावला. उधन्याच्या पोलीस ठाण्यातून एक वर्दीतला जमादार सोबत मिळाला. तिघं वस्तीत पोचले तेव्हा मिरवणूक मैदानाकडे परतत होती. ट्रकवर ट्यूबलाइटच्या झगमगाटात बाबासाहेबांची तसबीर, खाली निळ्या झेंड्यांची गर्दी आणि तसबिरीच्या पायाशी बसून डोक्याला निळा फेटा बांधलेला धम्मपाल ढोलकी वाजवत होता.

शर्मिलाने त्याला ढोलकीवर कितीतरी वर्षांनी बघितलं. कानशिलाजवळ केस पिकले होते. हात मात्र तसाच चालत होता, आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर वाजवत होता. ट्रकपुढे नाचणारी म्हातारीकोतारी माणसंसुद्धा त्या हातावर डोलत होती. माणूस वाईट निघाला म्हणून ढोलकी वाईट वाजत नाही, याचा तिला क्षणभर रागच आला.

“ह्योच ना?” भगत हवालदारांनी विचारलं. “उचलू?”

“नको. बुद्धवंदना होऊ द्या.”

“आनि पलाला तं? इथवर आलो ते काय बुंदी खायाला?”

“वंदनेतनं कुणी पळत नाही, साहेब,” ती म्हणाली. म्हणाली खरी, पण मनातून तिला तेवढी खात्री नव्हती. पोरीला नाकारणारा माणूस वंदना तरी कशाला पाळेल?

मैदानात सगळे रांगा धरून उभे राहिले. चपला काढल्या, पोरांना गप्प केलं. बायकांच्या रांगेत शर्मिला पहिल्या ओळीत जाऊन उभी राहिली. तिला कुणी ओळखत नव्हतं, पण पांढरी साडी नेसून हात जोडलेल्या बाईला तिथे ओळखीची गरज नसते. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली. समोर पायरीवर जयंती मंडळाची माणसं उभी होती आणि त्यांत धम्मपाल होता.

‘बुद्धं सरणं गच्छामि’चं त्रिसरण सुरू झालं तेव्हा त्याची नजर तिच्यावर पडली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने तिच्या मागे बघितलं, कडेला उभा असलेला जमादार त्याला दिसला. पळायला मोप जागा होती. मागे अंधार होता आणि त्याच्या पाठीमागची गल्ली मोकळी होती. पण चारशे माणसं हात जोडून उभी असताना तो हलला नाही. त्याने डोळे मिटले आणि आवाजात आवाज मिसळला. आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा शर्मिलाला त्याच्याविषयी थोडं बरं वाटलं.

मग पंचशील आलं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं म्हणताना कुणी अर्थाकडे बघत नाही, तीही बघत नसे. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही याचं. ते म्हणताना शर्मिलाची नजर धम्मपालच्या ओठांवर होती. सगळ्यांबरोबर त्याचेही ओठ हलले. आणि तिला काय विचारायचं ते त्याच वेळी सापडलं. घरून निघताना असलं काही तिच्या डोक्यात नव्हतं.

वंदना संपली, तीनदा ‘साधु’ म्हणून साधुकार झाला. माणसं हलायच्या आत ती पायरीपाशी गेली. भगत हवालदार लगबगीने तिच्या मागे आले.

“इथं नको,” धम्मपाल खालच्या आवाजात म्हणाला. “बाहेर चल, काय ते बोलू. लोक बघतायत.”

“म्हणूनच थांबले वंदना होईपर्यंत,” शर्मिला म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. “तुमी आत्ता चौथं शील घेतलं. सगळ्यांदेखत घेतलं. मी काय दुसरं मागत नाही. ते तोंड अजून कोरडं पडलं नाही तोवर सांगा. श्रुती कुणाची?”

मैदानात चुळबुळ थांबली. मंडळाचे अध्यक्ष, मिलमधून निवृत्त झालेले एक वयस्क गृहस्थ, पुढे आले. “ही बाई कोण, धम्मपाल? आम्हाला तर सांगितलं होतंस, गावाकडं कुणी नाही.”

धम्मपाल तिच्याकडे बघेना, अध्यक्षांकडेही बघेना. पाठीमागून एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन पुढे आली आणि तिथेच थबकली. ती कोण हे शर्मिलाला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. भगत हवालदारांचा हात खिशातल्या वॉरंटाकडे गेला होता, तो त्यांनी तिथेच थांबवला. पोलिसाच्या नोकरीत त्यांनी पुष्कळांना कबूल करायला लावलं होतं, पण असं नाही.

“माझी,” धम्मपाल म्हणाला.

“मोठ्यानं सांगा. तिकडं कोर्टात तुमचा वकील मोठ्यानं बोलला होता.”

“माझी आहे. माझीच आहे श्रुती.” त्याने डोक्यावरचा फेटा काढला आणि हातात धरला. “तेव्हा वकील बोलला, असं म्हटलं की पैसे द्यावे लागत नाहीत. मी हो म्हटलं.”

इतक्या माणसांतून एकानेही शिवी दिली नाही की हात उगारला नाही. त्या शांततेने धम्मपाल जेवढा खचला, तेवढा मार खाऊनही खचला नसता. अध्यक्षांनी भगत हवालदारांना बाजूला घेतलं. थकलेली पोटगी तो मिलमधून उचल घेऊन सकाळी पोलीस ठाण्यात भरेल आणि पुढची दर महिन्याला मंडळाच्या हातून मनीऑर्डरने जाईल, याची हमी पाच जणांनी घेतली. भगत हवालदार म्हणाले, “हमी बराबर हाय, पन रात्री ह्यो मानूस मना ठान्यातच पायजे. आधी तुमचं जेवान होवू द्या.” शर्मिलाने त्यांना सासूचा, मारू नका, हा निरोप सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “आपल्या हातून नाय होनार.”

शर्मिलाला परत फिरायचं होतं. पण जयंतीला आलेलं माणूस उपाशी जात नाही म्हणून बायकांनी तिला हाताला धरून पंगतीत बसवलं. पत्रावळीवर भात आला, बुंदी आली. वरणाची बादली घेऊन जो वाढपी ओळीत आला तो धम्मपाल होता. त्याला ते काम सकाळीच नेमून दिलेलं होतं आणि ते कुणी काढून घेतलं नव्हतं. जमादार चार पावलं मागे चालत होता.

तो तिच्या पानापाशी वाकला. वरण वाढून झालं तरी पळी तशीच राहिली.

“मी एकदा येऊन बघून जाऊ का तिला?” त्याने विचारलं. “लांबूनच. बोलणार नाही.”

शर्मिलाने भातात वरण कालवलं. तिला कितीतरी बोलता आलं असतं. नळावरच्या बायका, चौकीतला बाक, पोरीची खाली गेलेली मान, सगळं ओठांवर आलं होतं.

“तिला विचारते,” ती म्हणाली. “ती ये म्हणाली तर कळवीन.”

धम्मपालने मान हलवली. तो आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबला होता, पण ती जेवायला लागली होती. पंगतीच्या टोकाकडून कुणीतरी वरणासाठी हाक मारली, तेव्हा तो बादली उचलून पुढच्या पानाकडे सरकला.