न्याहारीतला उपाशी

पवनेवरचं धुकं रहाटणीच्या शिवारात उतरलं की शालनबाईला आजचं काय आणि मागल्या वर्षीचं काय, कळेनासं व्हायचं. डोक्यावर न्याहारीची पाटी, पायाखाली ओळखीची वाट. धुक्यात तिला आपली ज्वारी उभी दिसे, पात्यांची सळसळही ऐकू येई. मग वाट एकाएकी कंपनीच्या तारेपाशी संपे आणि समोर विटांचे ढीग दिसत.

पंचावन्न साली जमीन कारखान्यात गेली. तिचा नवरा मालोजी मात्र रोज उजाडता तारेबाहेरच्या उरल्या बांधावर येऊन बसे. भाकरी पुढं ठेवली की तोंड फिरवी.

"न्याहारी राबणाऱ्याची असती. मी काय राबलो?"

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत! रात्री चार घास खाई, तेवढ्यावर दिवस काढी. दिवाळीपासून बरगड्या दिसू लागल्या होत्या. हा माणूस असाच धुक्यात विरून जाणार, या भीतीनं शालनबाईचा जीव गोळा होई.

त्या दिवशी वाटेत हुसेन मुलाणी भेटले. गावातले जुने फारशी कागद वाचणारे तेच. भरली पाटी रोज परत जाताना त्यांनी पाहिली होती.

"मालोजीला सांग पोरी, न्याहारी फारशीतनं आलीया. नाहार म्हंजी सकाळधरनं ज्याच्या पोटात कण न्हाई त्यो. त्यात राबायचं काय बी न्हाई."

लग्न झाल्यापासून हा शब्द तिनं डोक्यावर वाहिला होता, आणि त्याच्या आत कुणी उपाशी बसलंय हे तिला आज कळलं. पुढं धुक्यात तो दिसलाही. बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, मालोजीचंच मुंडासं बांधून.

तिनं त्याला मुलाण्यांचं बोलणं सांगितलं.

"फारशीत असंल," मालोजी म्हणाला. "आपल्यात न्हाई."

तेव्हा शालनबाईचा बांध फुटला. "मग माजं काय वो? तुमच्या आदी मी कवा घास घेतलाय का? तुमी भाकरी परत लावता, तवाधरनं मी बी रातच्याच जेवणावर हाय."

मालोजीनं कितीतरी दिवसांनी तिच्याकडं नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. हात शेणामातीनं, जात्यानं खरबरीत झाले होते.

"तू तर राबतीस गं," तो पुटपुटला.

भाकरी मोडून त्यानं तुकडा तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवली. "तुमी आदी."

शेवटी त्यानंच घास तोंडात घातला. तो रडत रडत चावत होता. त्यानं गिळल्यावर मग तिनं आपली भाकरी उचलली.