तीन गोष्टींच्या चित्रपटाचे गुणदोष

आमच्या नारीन गावच्या वाचनालयातलं मंडळ महिन्यातून एकदा परदेशी चित्रपट दाखवतं. मी आयुष्यभर शाळेत जर्मन शिकवलं, त्यामुळे जर्मन चित्रपट असला की पडद्यामागे बसून मायक्रोफोनवर भाषांतर करायचं काम माझ्याकडे येतं. पुरुष, बायका, मुलं, सगळ्यांचं मीच बोलतो, एकाच आवाजात. चारचौघांत मला बोलता येत नाही. अंधारात, दुसऱ्याचं, येतं.

या वेळचा चित्रपट मीच निवडला होता. एकाच शहरातल्या तीन गोष्टी, एकमेकींत गुंफलेल्या: एक ट्राम चालवणारी बाई, मुलाशी अबोला धरलेला घड्याळजी, आणि एक विधुर. विधुराच्या वरच्या मजल्यावर पियानो शिकवणारी विधवा राहते. दोघं रोज जिन्यात एकमेकांच्या शेजारून जातात. अगदी शेवटी ट्राम बंद पडते, तेव्हा कुठे ती दोघं एकमेकांकडे नीट बघतात. संपला चित्रपट.

माझ्या वरच्या मजल्यावर बुरुल राहते. पूर्वी औषधांच्या दुकानात होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माझीही बायको नाही. जिन्यात सलाम करण्यापलीकडे मी कधी गेलो नव्हतो. हा चित्रपट बघून तिला काही कळेल, अशी मला आशा होती. कळलं तर पुढे काय करायचं, याचा विचार केला नव्हता.

दिवे लागले, चहा आला, बोर्सोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात आली. आमच्याकडे आधी गुण सांगायचे, मग दोष. अध्यक्ष शार्शे हा गुरांचा निवृत्त डॉक्टर.

"गुण," तो म्हणाला. "ट्राम स्वच्छ आहे. आता दोष. तीन गोष्टी कशाला? एक धड सांगा. मी जरा घड्याळजीत रमलो की ती बाई ट्राम घेऊन मध्येच येते."

"बाईच बरी होती," ग्रंथपाल कलीपा म्हणाली. "घड्याळजी निम्मा वेळ गप्पच."

"तो गप्प नव्हता गं, आपले मास्तर चहा पीत होते," शार्शे म्हणाला.

"तो खरंच गप्प होता," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

मग बुरुल म्हणाली, "खरा दोष वेगळाच आहे. इतकी माणसं एका जिन्यात चढतात-उतरतात, आणि एकही जण विचारत नाही, बाबा रे, तू कुणाचा, कुठला. विचारलं असतं तर पंधरा मिनिटांत सगळे घरी गेलो असतो."

"जर्मन लोक विचारत नाहीत," मी म्हणालो.

"मग लग्नं कशी जमवतात?"

"आणि या दोघांचं तर जमूच नये," शार्शे म्हणाला. "दोघं एकाच गावची आहेत, सुरुवातीलाच सांगितलंय. सात पिढ्यांच्या आत दोघांचा पूर्वज एकच निघाला म्हणजे? भाऊबहिणींची लग्नं दाखवणार का आपण इथे?"

हात वर करून ठरलं: शेवट अयोग्य.

माझा बोर्सोक हातातच राहिला. मी कोचकोरचा. बुरुलही कोचकोरची. चित्रपट निवडताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरी जायची वाट एकच, म्हणून आम्ही बरोबर निघालो. जिन्यातला दिवा नेहमीप्रमाणे बंद होता. माझ्या दाराशी ती थांबली.

"मास्तर, अंधारात माइकवर बायकांचं प्रेमसुद्धा बोलता तुम्ही. आता अंधारच आहे. बोला, वडील कोण?"

"असानाली," मी म्हणालो. "त्यांचे वडील जुमाश. त्यांचे तिलेक. त्यांचे बाइश."

"थांबू नका."

"कुदाइबेर्गेन. मामिर. एसेन."

मग तिने तिचे सांगितले. सावकाश, औषधाची मात्रा सांगावी तसे. चौथ्या नावाला 'मामित' आलं तेव्हा मी कठडा धरला, पण तो मामित होता, मामिर नव्हे. सातवं नाव आलं आणि गेलं. माझ्या सातांतलं एकही नव्हतं.

"बरं झालं," बुरुल म्हणाली आणि पुढच्या पायऱ्या चढू लागली. वरून तिच्या किल्ल्यांचा आवाज आला. "चहा ठेवतेय. चित्रपटाचे गुण कुणी सांगितलेच नाहीत. ट्राम सोडून."

मी टोपी काढली आणि वर गेलो. गुण एकच होता: शेवट. तो सांगायला फार वेळ लागला नाही.