बिनझालरीची वेल

मित्रांनो, मी मॉर्निंग ग्लोरीची एक वाळलेली वेल आहे. खताच्या ढिगावर पडून बोलते आहे, कारण हिरवी होते तेव्हा मला कुणी काही विचारलंच नाही.

या घरातल्या आजोबांनी कुंचल्याने पराग लावून साध्या निळ्या फुलाचा झालरीच्या घराण्यातल्या साध्या दिसणाऱ्या वेलीशी संकर केला. आम्ही त्या जोडीची नातवंडं. शेजारच्या कुंडीतल्या बहिणीला भरगच्च, झालरीची फुलं आली. मला आली साधी, कर्ण्यासारखी निळी.

"ही कुणावर गेलीय कोण जाणे!" आजी म्हणाल्या. हे वाक्य त्या घरात दोघींना ऐकावं लागे. एक मी, दुसरी सुनेची चपट्या नाकाची लेक.

आजोबा होते तोवर साध्या वेलींनाही पाणी मिळे. ते गेले, आणि त्यांची आठवण म्हणून आजींनी फक्त झालरवाली जपायची ठरवली.

"ही उपट गं. नुसती जागा अडवते."

"आई, बी तरी धरू दे की तिला."

"बी त्या झालरवालीचं घेऊ. हिचं घेऊन काय दिवे लावणार?"

मी आतल्या आत चडफडले. अहो, तिला बी धरणारच नाही! तिचे केसर, बीजकोश, सगळ्याच्या पाकळ्या होऊन बसल्यात. झालर पुढे जाते ती आमच्यासारख्या साध्या बहिणींच्या पोटातून. पण वेलीचं ऐकतो कोण? सुनेने मान खाली घालून मला मुळासकट ओढलं.

थंडी पडली. आजी झालरवालीचं एकेक सुकलेलं फूल चोळत बसल्या. सगळी पोकळ.

"अगंबाई, ह्यांचं फूल संपलं की गं!"

सून ढिगाकडे धावली, मागोमाग लेक. माझी बोंडं बहुतेक कुजली होती. एकात तीन काळ्या बिया निघाल्या. लेकीने त्या मुठीत घट्ट धरल्या.

"याही साध्याच निघाल्या तर?" आजी पुटपुटल्या.

सून पहिल्यांदाच ताडकन बोलली, "निघू देत. पेरल्याशिवाय कसं कळणार, आई?"

आजींनी त्या मुठीकडे पाहिलं, मग नातीच्या नाकाकडे. आणि त्या कुंडी आणायला उठल्या.

मित्रांनो, माझ्यात झालर दडली आहे की नाही, ते मलाही ठाऊक नाही. चीड येते ती तुमच्या घाईची. निदान या तीन बियांतून येणाऱ्या वेलींना बोंड पिकेपर्यंत उभं राहू द्या. फुलं साधी आली, तर आधी पाणी घाला. नावं मग ठेवा.