ओळीचा शेवट

"चार तास झाले फ्रिज बंद करून," डॉरीन खिडकीतून म्हणाली, नेमकं कुणाला ते कळू नये अशा बेताने. "मटण गेलं तर जाऊ दे. कला महत्त्वाची."

बेव्हने कानावरचा एक हेडफोन सरकवला. "अगं, त्याची घरघर माइकमध्ये येते. दहाच मिनिटं."

"सकाळपासून दहाच मिनिटं चाललीयेत तुझी."

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या त्या घरामागची शेड म्हणजे बेव्हचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, फेब्रुवारीचा उकाडा आणि पंखाही बंद. 'स्लिपवे' बँडच्या सगळ्या रेकॉर्ड बेव्हने इथेच केल्या. धाकटी बहीण डॉरीन गेल्या हिवाळ्यापासून तिच्याकडे राहत होती, नवरा गेल्यापासून. नवरा म्हणजे कॉल, स्लिपवेचा बास गिटारवाला आणि दुसरा आवाज. पहिला आवाज माइकसमोर उभा होता. रॉस, वय त्रेसष्ट, बँड सोडून पावणेदोन वर्षं झालेली. एकट्याच्या नावावरचा हा पहिला अल्बम, आणि डॉक्टरांच्या मते घशात जेमतेम एवढ्यापुरतंच बळ उरलेलं.

"चला महाराज," बेव्ह म्हणाली. "तिसरं कडवं. फक्त 'मीठ'."

"नुसतं मीठ?"

"माइकमध्ये आवाज फाटला तिथे."

रॉसने माइककडे पाहिलं. नवाकोरा होता. पाय रोवून तो गायला, "मीठ." मग "घरी." मग "उद्या." प्रत्येक शब्दानंतर बेव्ह मान हलवायची आणि कागदावर एक फुली मारायची. कागद तिने हाताने झाकला होता. आठवडाभर हेच चाललं होतं. एक दिवस तो अख्खं गाणं गायचा, आणि दुसऱ्या दिवशी बेव्ह त्याच्याकडून ओळींचे फक्त शेवट पुन्हा गाऊन घ्यायची. कधी माइकमध्ये आवाज फाटलेला असायचा, कधी बंदरातल्या जहाजाचा भोंगा आलेला असायचा.

डॉरीन सँडविचची ताटली घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

"हे काय गाणं आहे?" ती म्हणाली. "वाण्याची यादी वाटतेय."

"डॉरी, आत्ता नको," बेव्ह म्हणाली.

"काय नको? मला ऐकू येत नाही का? शेवटचा शब्द आला की हा श्वास घेतो. तीस वर्षं घेत आलाय. कारण तो शब्द कॉल धरायचा."

बेव्हने यंत्रावरचं एक बटण उगाचच दाबलं, परत दाबलं. रॉसने हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

"खरंय ते," तो म्हणाला. "मी प्रयत्न करतोय. पण छातीला ते कळत नाही."

डॉरीनने ताटली स्टुलावर ठेवली. एक सँडविच उचलून त्याच्या हातात दिलं, मुलाला द्यावं तसं.

"खा. वाळलायस नुसता." ती गोधडीला टेकून उभी राहिली. "रॉस, तुला एक सांगायचं राहिलंय. फ्युनरलला सांगणार होते, पण तू मागच्या मागेच निघून गेलास."

"डॉरी," बेव्ह पुन्हा म्हणाली.

"बोलू दे गं. त्या रात्री, वुलनगाँगच्या क्लबात, कॉलची जीभ अडखळली, शब्द उशिरा आले, लोक हसले. तुला वाटलं हा पिऊन आलाय. सगळ्यांनाच वाटलं. आठवड्यात तू बँड सोडलास. तुझी काय चूक? तो आजारी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं." तिने पदरासारखा एप्रन मुठीत धरला. "मीच त्याच्याकडून वचन घेतलं होतं. कुणाला सांगायचं नाही, रॉसलासुद्धा नाही. लोकांनी कीव केलेली मला नको होती. मी तोंड उघडू दिलं असतं तर तू त्याला सोडून गेला नसतास. शेवटचं वर्षभर रोज तुझी वाट बघायचा तो. हे माझ्याच माथ्यावर आहे, रॉस. मला माफ कर."

बाहेर झाडावरच्या किड्यांचा कर्कश्श कालवा एकदम थांबला. रेकॉर्डिंगला याहून चांगली वेळ दिवसभरात आली नव्हती, पण बेव्हने हात लावला नाही. ती मान खाली घालून आपल्या फुल्यांकडे बघत होती. रॉसच्या लक्षात आलं की तिला माहीत आहे. कधीपासून ते कळेना, पण माहीत आहे.

त्याने सँडविच न चावता परत ताटलीत ठेवलं. हात पँटला पुसले. 'बरं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. डॉरीन डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली असती, फ्रिज सुरू झाला असता, अल्बम पुरा झाला असता.

"तू वचन घेतलंस ते नंतर, डॉरी," तो म्हणाला. "तो डॉक्टरकडून निघाला तो थेट माझ्याकडेच आला होता. वुलनगाँगच्या महिनाभर आधी. माझ्या ओट्यावर बसून त्याने मला सगळं सांगितलं."

डॉरीनच्या हातातून एप्रन सुटला.

"म्हणूनच मी गेलो."