नाव घातलेली भांडी

मी एक जुना दिवाण आहे, मित्रांनो. वर बसायला गादी, पोटात सामानाची पेटी. घोडेगावच्या सुताराने मला बनवलं आणि कोंडीरामने टेम्पोतून सावेडीला, आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं. पोटात गोधड्या ठेवल्या. पाहुणे माझ्यावर बसून म्हणत, "दणकट हाय हो!" मला बरं वाटे.

मग कोंडीरामच्या कारखान्यात कामगार कमी करणार, अशी कुजबुज सुरू झाली. कमी कोणीच झालं नाही. पण त्याच्या बायकोची, भागिरथीची धास्ती गेली नाही. शेजारच्या कोणाची नोकरी गेली, की ही निघाली भांड्यांच्या दुकानात. मुलीच्या रुखवतासाठी घागर, परात, डबे! मुलगी स्नेहल तेव्हा आठवीत होती.

"अगं, पोरगी अजून दप्तर घेऊन फिरतीय," कोंडीराम वैतागे.

"उद्या तुमचं काम गेलं तर कशानं घेनार? भांडं घरात आलं, की जीव थाऱ्यावर येतो."

जीव दोन दिवस थाऱ्यावर राही. मग पुन्हा दुकान. भांडी माझ्या पोटात भरली, गोधड्या माळ्यावर गेल्या, माझ्या तळाची फळी वाकली. मला राग याचा येई, की ज्या दिवसाची तिला भीती होती, त्या दिवसासाठी घरात भांड्यांशिवाय काहीच उरत नव्हतं.

यंदा स्नेहलला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला पैसे नव्हते. भागिरथी सगळी कोरी भांडी रिक्षात घालून दुकानात गेली आणि तशीच परत आली.

"घेत न्हाई म्हनला. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याला कसं विकू? मोडीत देता का, इचारलं."

प्रत्येक भांड्यावर तिने घेतल्या दिवशीच कोरून घेतलं होतं : 'चि. स्नेहलला आईकडून'.

स्नेहल परात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या नावाचं एवढं सगळं आहे, आई. फी तेवढी नाही."

भांडी मोडीत गेली. तरी पैसे पुरले नाहीत. मुदत टळली, जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

परवा कारखान्यात पुन्हा तीच कुजबुज झाली. भागिरथी चपला घालून दाराशी गेली. स्नेहलने तिचा हात धरला.

"आई, बस इथं. कशाची भीती वाटते ते मला सांग."

ती माझ्यावर बसली आणि खूप वेळ बोलत राहिली. एवढं बोलणं चार वर्षांपूर्वी का झालं नाही, या विचाराने माझी चिडचिड होते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी असं घाबरून दुकानाकडे निघालं, तर हसू नका, ओरडू नका. आधी त्यांना बसवा. बसायला आम्ही असतोच.