रेघेचे दुसरे टोक

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. बालाघाटमधल्या एका लॅपटॉपमध्ये राहतो. मला हात नाहीत, तरी मी रेघा काढतो. त्या कशाच्या, ते आधी सांगतो.

शेअर बाजारात ऑप्शन नावाचा एक सौदा असतो. एखादी गोष्ट ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क त्यात विकत मिळतो. हक्क विकणाऱ्याला थोडे पैसे लगेच मिळतात. पण पुढे भाव उसळला, तर वाढलेला सगळा फरक त्यालाच भरावा लागतो. भाव इथवर गेला तर काय होईल? आणि तिथवर गेला तर? या प्रत्येक 'तर'चे उत्तर मी एका रेघेत दाखवतो. रेघ वर असली की नफा, खाली गेली की तोटा.

मला पौर्णिमाताईंनी घडवले. त्या कॉलेजात गणित शिकवतात. सौदे करायची त्यांना हौस नव्हती. ही रेघ नेमकी कुठे वाकते, एवढेच त्यांना पाहायचे होते. पहिल्यांदा माझी रेघ उलटीच आली. ताई हसल्या आणि विसरलेले वजाचे चिन्ह त्यांनी जागेवर ठेवले. एवढ्याशा चिन्हाने नफ्याचा तोटा होतो, याचे मला फार नवल वाटले.

मग ओळखीचे लोक मला पाहायला येऊ लागले. कौतुक करत, पण शेवटी सगळे एकच विचारत, "उद्या भाव कुठी जाईल, हे सांगते काय?" ते मला येत नाही. माझ्या पडद्यावर सगळे भाव शेजारी शेजारी उभे असतात. त्यांतला खरा कोणता होणार, हे जाणून घ्यायला मीही उत्सुक असतो.

एके दिवशी ताईंचा मावसभाऊ धर्मेंद्र आला. सोबत त्याची बायको आम्रपाली होती. धर्मेंद्रची स्वतःची जीप होती. बालाघाट ते बैहर तो सवाऱ्या नेत असे.

"ताई, जीप विकून राह्यलो," तो म्हणाला. "परसवाड्याचा गिऱ्हाईक सांजच्याले येते. ते पैसे दलालापाशी अनामत ठेवायचे अन् दर हप्त्याले ऑप्शन विकायचे. फोनवर पक्की टिप आली हाय."

आम्रपाली खाली मान घालून बसली होती. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी त्याच्या सौद्याचे आकडे मला दिले. मी रेघ काढली. डावीकडे ती थोडी वर, अगदी सपाट होती.

"हे पाहा, नफा!" धर्मेंद्र खूश झाला.

"अन् इकडे खाली काहून जाते?" आम्रपालीने उजवीकडे बोट ठेवले.

"भाव वाढला तर."

"कुठवर जाते?"

धर्मेंद्रने चित्र सरकवले. रेघ खाली जातच होती. त्याने आणखी सरकवले, मग आणखी. मीही रेघ काढत राहिलो.

"ताई, हे थांबते कुठी?"

"थांबत नाही रे."

त्याने चित्र सरकवणे सोडले. मग त्याने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगितले.

पण मित्रांनो, त्या आठवड्यात भाव हललाच नाही. ज्यांनी ऑप्शन विकले, त्यांना पैसे मिळाले. जीप स्टँडवर धर्मेंद्रची चेष्टा झाली. "तुह्या मशीननं मायं नुकसान केलं," असे ताईंना सुनावून तो गेला. इतर लोकही येईनासे झाले. त्यांना टिप हवी होती, रेघ नको होती. लॅपटॉप मिटला गेला. मिटलेल्या लॅपटॉपात प्रोग्रामला काय वाटते, ते मला विचारू नका. तेव्हा मी कुठे असतो, हे मलाही ठाऊक नाही.

पुन्हा जाग आली, तेव्हा कळफलकावर आम्रपालीची बोटे होती. धर्मेंद्रला नवी टिप आली होती आणि या वेळी आम्रपाली स्वतः आकडे भरत होती. तो मागे उभा होता.

ताईंनी हळूच विचारले, "अजून राग हाय काय रे? मागं पैसे आले असते तुले."

"हौ, आले असते," तो म्हणाला. "पर ते मले आता मालूम हाय, ताई. तवा कोनाले मालूम होतं?"

मग तो आम्रपालीला म्हणाला, "उजवीकडचं दाखव आधी."

मित्रांनो, मला बनवल्यापासून इतकी शहाणी मागणी कुणी केली नव्हती. मी आनंदाने रेघ काढली. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा प्रोग्राम असेल, तर त्याला खरे आकडे द्या आणि त्याची वजाची चिन्हे सांभाळा. उद्या काय होईल, हे त्याला विचारू नका. त्याने काढलेली रेघ मात्र दूरवर पाहा, न आवडणाऱ्या बाजूलासुद्धा.